दोन डोळे की एक? गो खेळातली जगण्या-मरण्याची कोडी

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना पट दिसत नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणी थोडं जास्त समजावलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आज चौकटीची वही लागणार आहे. शाळेत गणिताला असायची ना, तीच. लोकलमध्ये उभे असाल तर राहू द्या, डोळ्यांसमोर आणा. पण घरी असाल तर पेन्सिल घेऊन बसाच, कारण आजचा विषय नुसता ऐकून अर्धाच कळेल.

विषय आहे गो. चीनमध्ये जन्मलेला, दोन हजारांहून जास्त वर्षं जुना खेळ. तिकडे त्याला वेईची म्हणतात, कोरियात बादुक, जपानमध्ये इगो. २०१६ च्या मार्चमध्ये सोलमध्ये अल्फागो नावाच्या प्रोग्रामने ली सेडॉलला ४-१ असं हरवलं, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी या खेळाचं नाव पहिल्यांदा ऐकलं. पण मला आज अल्फागोची गोष्ट सांगायची नाहीये. मला या खेळातल्या एका छोट्या कोपऱ्याबद्दल बोलायचंय: जगण्या-मरण्याची कोडी. जपानीत त्यांना त्सुमेगो म्हणतात. पटाचा एक तुकडा दिलेला असतो, एक गट घेरलेला असतो आणि प्रश्न एवढाच, की काळ्याची पाळी आहे, हा गट वाचतो का? किंवा पांढऱ्याची पाळी आहे, हा गट मारता येतो का?

आधी नियम, पटकन. पट १९ बाय १९ रेघांचा, म्हणजे ३६१ छेदबिंदू. सोंगट्या चौकोनात नाही, रेघा जिथे छेदतात तिथे ठेवायच्या. एकदा ठेवलेली सोंगटी हलत नाही. तिच्या चार बाजूंना जे रिकामे बिंदू असतात ते तिचे श्वास. हा शब्द मी बनवलेला नाही. चिनी भाषेत त्याला ‘ची’ म्हणतात, म्हणजे हवा, श्वास. एकाच रंगाच्या लागून असलेल्या सोंगट्यांचा गट होतो आणि गटाचे श्वास सामायिक असतात. शेवटचा श्वास शत्रूने बंद केला की अख्खा गट पटावरून उचलला जातो. आणि जिथे आपल्याला एकही श्वास उरणार नाही अशा जागी आपण सोंगटी ठेवू शकत नाही, अपवाद एकच: त्या खेळीने समोरच्याचं काही पकडलं जात असेल तर चालतं.

बस. एवढ्यातूनच पुढचं सगळं निघतं.

आता समजा तुमचा गट चहूबाजूंनी घेरलाय आणि आत एकच रिकामी जागा आहे. या आतल्या मोकळ्या जागेला डोळा म्हणतात. शत्रू बाहेरचे सगळे श्वास एकेक करून बंद करतो आणि शेवटी त्या डोळ्यात सोंगटी ठेवतो. तिला स्वतःला श्वास नाही, पण तिच्यामुळे तुमचा शेवटचा श्वास जातो, म्हणून ती खेळी चालते. गट मेला. आता दोन वेगवेगळे डोळे आहेत असं समजा. शत्रूला दोन्ही बंद करायचेत, पण एका वेळी एकच सोंगटी ठेवता येते. पहिल्या डोळ्यात ठेवली तर तुमच्याकडे दुसरा श्वास शिल्लक आहे, म्हणजे काही पकडलं जात नाही, म्हणजे ती खेळीच बेकायदेशीर. दुसऱ्यात ठेवली तरी तेच. गट कायमचा जिवंत. ‘दोन डोळे असतील तर जगतो’ हा नियमांच्या पुस्तकात लिहिलेला नियम नाही बरं का, तो नियमांमधून आपोआप निघालेला निष्कर्ष आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन मिनिटं नुसता वहीकडे बघत बसलो होतो.

यात एक फसवा प्रकार आहे, खोटा डोळा. दिसतो डोळ्यासारखा, पण त्याच्या भिंतीतल्या सोंगट्या एकमेकींना नीट जोडलेल्या नसतात, म्हणून शत्रू भिंतीचा तुकडा पकडायला आला की तुम्हाला स्वतःच तो डोळा बुजवावा लागतो. ओळखायची ढोबळ पद्धत अशी: डोळ्याच्या तिरक्या बाजूचे बिंदू मोजा. पटाच्या मध्यात चारपैकी तीन आपल्याकडे हवेत, कडेला दोन्ही, कोपऱ्यात तो एकच.

आकार पाठ असायला हवेत

आता वही काढा. आतली मोकळी जागा एकाच बिंदूची असेल तर गट मेला. दोन लागून असलेले बिंदू असतील तरी मेला, कारण त्यातून दोन डोळे पाडता येत नाहीत. तीन बिंदू एका ओळीत असतील तर? इथे पाळी कोणाची यावर सगळं आहे. तुमची असेल तर मधल्या बिंदूवर ठेवा, दोन बाजूंना दोन डोळे झाले. शत्रूची असेल तर तोही तिथेच ठेवतो, मधोमध, आणि मग तुम्ही काहीही करा, दोन डोळे होत नाहीत. गोमधली जुनी म्हण आहे ना, शत्रूची मोक्याची जागा तीच आपली मोक्याची जागा, ती इथून आली असावी असं मला वाटतं.

चार बिंदू सरळ ओळीत: जिवंत. शत्रू मधल्या दोनपैकी एकावर आला, तर तुम्ही दुसऱ्यावर जा. दोन मोक्याच्या जागा आहेत आणि त्याला एका पाळीत दोन्ही घेता येत नाहीत. पण तेच चार बिंदू चौकोनात असतील, दोन बाय दोन, तर गट मेलेला. तुमची पाळी असली तरीही! करून बघा. तुम्ही एका बिंदूवर ठेवलंत की उरले तीन, वाकडे. शत्रू त्यांच्या मधल्यावर आला, खेळ संपला. जागा तेवढीच, चार, फक्त मांडणी वेगळी, आणि एक जिवंत तर दुसरा मेलेला. एक बीएचकेमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

टी अक्षरासारखे चार बिंदू असतील तर एकच मोक्याची जागा, जिथे तिन्ही हात मिळतात ती. जो आधी जाईल तो जिंकला. चौकोनाला एक शेपटी लावली की पाच बिंदू होतात, तिथेही एकच जागा. अधिकच्या चिन्हासारखे पाच, तिथे मधला बिंदू. सहा बिंदूंचा एक फुलासारखा आकार आहे, त्यालाही एकच कळीची जागा. हे पाच-सहा आकार पाढ्यांसारखे पाठ हवेत. मी पाठांतराच्या फार बाजूचा माणूस नाही, पण सात सत्ते किती हे दर वेळी बेरीज करून काढणाऱ्याला पुढचं गणित येणं अवघड असतं.

सहा मरतात, आठ जगतात

आता माझा आवडता भाग. वहीच्या तळाची रेघ म्हणजे पटाची कड, ती पहिली ओळ. तिच्यावरची दुसरी ओळ. दुसऱ्या ओळीवर काळ्याच्या काही सोंगट्या सलग मांडा. त्यांच्या वर, तिसऱ्या ओळीवर, पूर्ण पांढरी भिंत. दोन्ही टोकांना दुसऱ्या ओळीवर एकेक पांढरी. काळा वरून आणि बाजूंनी कोंडलाय, जागा फक्त खाली, पहिल्या ओळीवर. प्रश्न: काळ्याच्या किती सोंगट्या सलग असतील तर तो जगेल?

जुनी म्हण सांगते, सहा मरतात, आठ जगतात. ती नुसती ऐकून सोडू नका, हिशोब करा.

आठ घेऊ. खाली बिंदू आठ, त्यांना १ ते ८ आकडे द्या. पांढऱ्याची पाळी. तो टोकाकडून खाली घुसतो, बिंदू १ वर. काळा २ वर अडवतो. पांढरा दुसऱ्या टोकाने ८ वर घुसतो, काळा ७ वर अडवतो. काय उरलं? ३, ४, ५, ६. चार बिंदू, सरळ ओळीत. चार सरळ म्हणजे जिवंत, आत्ताच बघितलं. पांढऱ्याने आधी खेळूनही काळा जगला.

सहा घ्या आणि या वेळी पाळीसुद्धा काळ्याला द्या. काळा १ वर ठेवून एक टोक बंद करतो. पांढरा ६ वर घुसतो, काळा ५ वर अडवतो. उरले २, ३, ४. आणि पाळी पांढऱ्याची. तो ३ वर ठेवतो. गेला गट. काळ्याने आधी खेळूनही मेला.

मग सात? सातमध्ये ज्याची पाळी त्याचा जय. पांढरा आधी खेळला तर दोन्ही टोकं कुरतडून तीन बिंदू उरतात आणि मधला तो घेतो. काळा आधी खेळला तर एक टोक बंद, दुसरं कुरतडलेलं, उरतात चार. जिवंत.

बघा, एका म्हणीच्या आत केवढं मोठं झाड लपलेलं होतं. आणि लक्षात घ्या की आपण मारायला आधी मोक्याच्या जागी नाही गेलो. आधी बाहेरून जागा आकुंचित केली, मग मधला घाव घातला. कडेने घुसण्याच्या या खेळीला जपानीत हाने म्हणतात आणि ‘हानेत मरण आहे’ अशी म्हणच आहे. कोडं समोर आलं आणि काही सुचेना की पहिली तपासायची खेळी हीच. ती चालली नाही तर मोक्याची जागा. कोपरा असेल तर एक-दोनची जागा, म्हणजे एका कडेपासून पहिली आणि दुसऱ्या कडेपासून दुसरी ओळ. तिथे विचित्र गोष्टी घडतात.

हे सगळं कशासाठी? कोणी म्हणेल की खरा डाव खेळा की, कोडी कसली सोडवता. तर डावात दर थोड्या वेळाने एक निर्णय घ्यावा लागतो: समोरच्याने माझ्या गटाजवळ सोंगटी ठेवलीये, उत्तर द्यायचं की नाही? गट मरणार असेल आणि तुम्ही दुसरीकडे खेळलात तर वीस सोंगट्या जातील आणि डावही. पण गट आधीच जिवंत असेल आणि तुम्ही घाबरून एक सोंगटी जास्त ठेवलीत, तर तीही चूकच, कारण एक पाळी फुकट गेली आणि समोरच्याने तेवढ्यात पटावरची सगळ्यात मोठी जागा घेतली. लक्ष न देता दुसरीकडे खेळणं याला तेनुकी म्हणतात. तेनुकी करायची हिंमत फक्त त्याला असते ज्याने आपला गट नीट वाचलाय. माझ्या मते कोडी सोडवण्याचा खरा उपयोग मारण्यासाठी कमी आणि या न घाबरण्यासाठी जास्त आहे.

उत्तर दर वेळी ‘मेला’ किंवा ‘जगला’ असंच येतं असंही नाही. कधी सेकी होते: दोन्ही गट एकमेकांत अडकलेले, जो आधी हात घालेल तो मरेल, म्हणून दोघेही गप्प, दोघेही जिवंत. आणि कधी को. एक सोंगटी तू पकड, मग मी पकडतो, मग तू, हे अनंत काळ चालू नये म्हणून नियम असा की लगेच परत पकडता येत नाही, आधी दुसरीकडे एक खेळी करावी लागते. ‘को’ ज्या अक्षराने लिहितात तेच अक्षर बौद्ध ग्रंथांत संस्कृत ‘कल्प’ या शब्दासाठी वापरलंय. युगानुयुगं चालणारी गोष्ट! संस्कृत ‘कल्प’ चीनमार्गे जपानला पोचून पटावर बसलाय, हे मला फार आवडतं. तर कोड्याचं उत्तर ‘को होतो’ असंही असू शकतं, आणि बिनशर्त मारता येत असताना कोवर समाधान मानलं तर ते उत्तर चूक धरतात.

मोबाइलवर सोडवताना

आता तुमच्या-माझ्या सवयीकडे येऊ. गोच्या कोड्यांची ॲप्स भरपूर आहेत आणि चांगली आहेत. पण त्यांच्यात एक गडबड आहे. तुम्ही अंदाजाने एका जागी बोट लावता, हिरवी खूण येते, छान वाटतं, पुढचं कोडं. लाल आली तर दुसऱ्या जागी बोट. असं पंधरा मिनिटांत चाळीस कोडी ‘सुटतात’. प्रत्यक्षात एकही सुटलेलं नसतं. हे म्हणजे कोड चालतोय का बघायला एकच टेस्ट केस टाकायची, तीसुद्धा आपल्याला सोयीची, आणि हिरवं दिसलं की डिप्लॉय करायचं.

कोडं सुटलं असं कधी म्हणायचं? पहिली खेळी सापडली तेव्हा नाही. समोरच्याच्या प्रत्येक शहाण्या उत्तराला आपल्याकडे काय आहे हे बोट न लावता डोक्यात दिसलं, तेव्हा. आणि इथेच सगळे घसरतात, कारण डोक्यात आपण समोरच्याला मूर्ख खेळवतो. मी इथे ठेवीन, तो तिथे ठेवेल, मग मी मारला! अरे पण तो तिथे का ठेवेल? त्याच्या बाजूने तितक्याच जिद्दीने विचार करायला हवा. बीटेकला मिनीमॅक्स शिकलात त्यांनी आठवा: एक पातळी आपल्या फायद्याची, पुढची पातळी त्याच्या फायद्याची. परीक्षेत ते झाड काढता येतं. स्वतःच्या लाडक्या खेळीविरुद्ध काढणं कठीण असतं.

आणि कोडी सोपी घ्या. एका नजरेत नाही, पण मिनिटभरात सुटतील अशी. चो चिकुन नावाचा मोठा खेळाडू आहे, १९५६ चा जन्म, कोरियातून सहाव्या वर्षी जपानला गेला. त्याच्या जगण्या-मरण्याच्या कोशाचा पहिला भाग ९०० प्राथमिक कोड्यांचा आहे. बऱ्याच जणांचा सराव तिथूनच सुरू होतो. उत्तर बघावं की नाही यावर गो खेळणाऱ्यांत कायम वाद असतात. माझं मत: सोप्या कोड्यांत बघू नका, कारण उत्तर बरोबर आहे की नाही हे तुम्हाला स्वतःला सिद्ध करता यायला हवं. डावात मागच्या पानावर उत्तरं छापलेली नसतात.

अवघड कोड्यांची दुनिया वेगळीच. मायदा नोबुआकी या जपानी खेळाडूला त्सुमेगोचा देव म्हणायचे, इतकी सुंदर कोडी तो रचायचा. त्याच्याही खूप आधी, १७१३ मध्ये, इनोउए घराण्याच्या प्रमुखाने, दोसेत्सु इनसेकीने, ‘इगो हात्सुयोरोन’ नावाचा संग्रह केला, घराण्यातल्या शिष्यांना घासून-पुसून तयार करायला. त्यातलं १२० क्रमांकाचं कोडं जगातलं सगळ्यात अवघड मानलं जातं. ते एका कोपऱ्यापुरतं नाही, जवळजवळ अख्ख्या पटावर पसरलंय. काटागो नावाच्या आजच्या ताकदवान प्रोग्रामलाही ते नेहमीच्या प्रशिक्षणावर झेपत नव्हतं, म्हणून त्याच्या निर्मात्याने या एकाच कोड्यावर त्याला खास प्रशिक्षण दिलं, आणि मग माणसांनी पक्क्या मानलेल्या क्रमात नव्या खेळ्या निघाल्या. तीनशे वर्षांपूर्वीचा एक माणूस आणि आजचे जीपीयू!

कॉम्प्युटर सायन्सवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट. डेव्हिड बेन्सन यांनी १९७६ मध्ये एक अल्गोरिदम दिला: एखादा गट ‘बिनशर्त’ जिवंत आहे का, म्हणजे मालकाने एकही उत्तर दिलं नाही तरी मरणार नाही का, हे तो पटकन सांगतो. पण प्रत्यक्ष डावातले बहुतेक गट असे नसतात, ते ‘मी नीट उत्तर दिलं तर जिवंत’ या जातीचे असतात. आणि तिथे हिशोब स्फोटक वाढतो. १९८३ मध्ये रॉबसन यांनी सिद्ध केलं की कितीही मोठ्या पटावरचा, को असलेला गो हा एक्सपटाइम-कम्प्लीट आहे. पट वाढवत नेला तर कुठलाही प्रोग्राम सगळ्या डावांचा निकाल झटपट काढू शकणार नाही.

मग न्यूरल नेटवर्क काय करतं? ते मोजत नाही फार, ते ओळखतं. लाखो डाव स्वतःशी खेळून त्याला ‘असा दिसणारा गट जिवंत असतो’ याची जाण येते, आणि वर थोडा शोध. बहुतेक वेळा ही जाण माणसापेक्षा कितीतरी बरोबर असते. पण २०२२ मध्ये काही संशोधकांनी काटागोला हरवायलाच दुसरा प्रोग्राम शिकवला, आणि त्याने एक भोक शोधून काढलं. काटागोचा एक गट गोलाकार, कड्यासारखा होऊ द्यायचा, आणि त्या कड्याला बाहेरून हळूहळू घेरत जायचं. गट मरणाच्या दारात असतो, पण काटागोला तो ठणठणीत वाटतो, तो दुसरीकडे खेळत राहतो. तेनुकी! कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

ही युक्ती माणसाला जमेल का, हे बघायला केलिन पेलरीन हा अमेरिकी हौशी खेळाडू बसला. २०२३ च्या फेब्रुवारीत बातमी आली: डाव चालू असताना कॉम्प्युटरची मदत न घेता त्याने १५ पैकी १४ डाव जिंकले. नंतर काटागोला अशा कड्यांवर खास सराव दिला, तरी संशोधकांना पुन्हा नवे रस्ते सापडले. म्हणजे जगातल्या कुठल्याही माणसाला सहज हरवणारा प्रोग्राम, आणि त्याला एका ठरावीक आकारात पटावरचा सगळ्यात मूलभूत प्रश्न चुकतो: हा गट जिवंत आहे का? नवशिका माणूस बोट ठेवून कड्याचे श्वास मोजेल आणि सांगेल, अहो, हे मरतंय.

चला, वही अजून उघडी असेल तर एक घरचा अभ्यास. आपण मघाशी पटाच्या कडेला मध्यभागी होतो, दोन्ही टोकं उघडी होती. आता तीच दुसऱ्या ओळीवरची रांग कोपऱ्यात सरकवा, म्हणजे एक टोक पटाच्या कडेला टेकलंय आणि पांढऱ्याला फक्त एकाच बाजूने घुसता येतं. आता किती मरतात आणि किती जगतात? मधला एक आकडा असा आहे जिथे पाळीवर ठरतं. तोही शोधा. उत्तर कमेंटमध्ये नुसता आकडा लिहून देऊ नका, पांढरा कुठे घुसला आणि शेवटी किती बिंदू उरले तेही लिहा. भेटू पुढच्या भागात.